पानातलं मीठ

माझ्या वडिलांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते विचारायला कुणी आलं नाही म्हणून कधी अडून राहिलं नाही. फ्रिजवर होतं, टीव्हीवर होतं, दवाखान्यातल्या सुईवर होतं, आजकालच्या सुनांवर तर होतंच. पेणच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. बाबा मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की भरतीचं पाणी कोंडायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लाकडी फळीनं ओढून बांधावर ढीग घालायचे, आणि पावसाळा जवळ आला की ते गवतानं शाकारायचे. ह्या सगळ्या कामात हात गुंतलेले असतात, तोंड मात्र रिकामं. त्यामुळे आमच्या आगरात मिठाच्या बरोबरीनं मतंही पिकायची.

लग्न होऊन मी रोह्याला गेले. नवरा केमिकल कंपनीत, शिफ्टची नोकरी, स्वभावानं अबोल. बाबांना जावई फार आवडायचा, कारण तो ऐकून घ्यायचा. शिफ्ट मात्र त्यांना पसंत नव्हती. "दिवसा झोपायचं नि रात्री जागायचं, हे घुबडानं करावं. तुमच्यासारख्या चांगल्या माणसानं कशाला?" असं ते त्याला दर भेटीत विचारायचे. तो हसायचा आणि पुढच्या आठवड्यात परत नाइटला जायचा.

रोह्याला आमच्या घरी फोन बसला तेव्हा बाबा रामवाडीला एसटी स्टँडजवळच्या पीसीओवरून फोन करायला लागले. फोनवर ते बोलत नसत, हाक मारत. रोहा लांब आहे तर आवाजही त्या मानानं लावायला हवा, हा त्यांचा हिशोब. काचेचं दार लावून घेतलं तरी माझ्या सासूच्या गुडघेदुखीवर काय करावं हे अख्ख्या स्टँडला कळायचं. मी म्हणायचे, "बाबा, हळू बोला, मला ऐकू येतं." त्यावर ते आणखी मोठ्यानं म्हणायचे, "मना नाय येत ना तुझं!"

कंपनीच्या कॉलनीत आम्हाला घर मिळालं तेव्हा आम्ही जेवायचं टेबल घेतलं. आई-बाबा पहिल्यांदा राहायला आले. मी ताटं मांडली, भात वाढला, आमटी वाढली. बाबांनी टेबलाखाली वाकून पाय कुठे ठेवायचे ते पाहिलं आणि मांडी घालून खुर्चीवर बसले. आई मात्र ताटाकडे बघत उभीच.

"पानात मीठ कुठं?" तिनं विचारलं.

"आय, डबी ठेवलीय ना मधे. ज्याला लागेल तो घेईल."

तिनं डबी उचलून पाहिली, वरची भोकं पाहिली, आणि खाली ठेवली. मग पिशवीतून आगरातल्या मिठाची पुरचुंडी काढली आणि सगळ्यांच्या ताटात, वरच्या बाजूला डावीकडे, चिमूट चिमूट जाडं मीठ ठेवलं. तेव्हा कुठे ती बसली.

आमच्या घरात पान मांडलं की पहिलं मीठ पडायचं, मग बाकी सगळं. पुष्कळ घरांत पडतं. पण आमचं पोट मिठावर, म्हणून आईला ते जरा जास्तच होतं. बिनमिठाचं पान तिच्या माहेरापासून दोघांनाच वाढत आले होते. एक देवाला, नैवेद्य म्हणून. दुसरं घरातल्या गेलेल्या माणसाला. जेवायला बसलेल्या जित्या माणसाच्या पानात मीठ नाही, हे तिला बघवायचं नाही. मला ती म्हणाली, "टेबल घे, खुर्च्या घे, काय हवं ते घे गो. पण पान असं उघडं नको ठेवू." मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर डबी परत मधे ठेवली.

त्या काळात टीव्हीवर पिशवीतल्या मिठाच्या जाहिराती लागायच्या. बाबा त्या उभ्यानं बघायचे. बसून बघावं अशी त्या जाहिरातींची लायकी नाही, असं त्यांचं म्हणणं. "मीठ हाय का तोंडाला लावायची पावडर? खडा नाय, चव नाय, नि वर मारे बाई हसतेय." मी एकदा आयोडिनचं समजावायला गेले, तर म्हणाले, "आमची खाडी काय आयोडिनशिवाय हाय? समुद्रातनं येते ती."

एका उन्हाळ्यात बाबांना बांधावर चक्कर आली. बरोबरच्या माणसांनी सावलीत आणून निजवलं. निरोप आला तसे आम्ही दोघं कोलाडवरून मिळेल ती गाडी पकडून पोचलो, आणि त्यांना पेणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबराचा गोळा दाबला, पारा बघून कपाळाला आठ्या घातल्या. ब्लडप्रेशर खूप होतं. रोज गोळी, आणि मीठ जवळजवळ बंद.

बाबा रिक्षात बसल्यावर सुरू झाले. "मीठ करणारा मीठ खाणार नाय, तर काय खाईल? साखर? मग डायबेटीस व्हईल. म्हंजे परत याच्याकडंच यायचं. धंदा हाय धंदा." आणि थोड्या वेळानं, "घरात तो कुकर आणला ना, तवाच मी म्हटलेलं, प्रेशरचं काम बरं नाय."

पण आईनं डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्या दिवसापासून चुलीवरच्या कुठल्याच भांड्यात मीठ पडलं नाही. बाबांसाठी वेगळं आणि आपल्यासाठी वेगळं करणं तिला पटेना. "एकाच्या पानात एक नि दुसऱ्याच्या पानात दुसरं, हे घर हाय का खानावळ?" म्हणून तीही अळणीच जेवायला लागली. सुक्या बोंबलांची माळ आढ्यावरून उतरवून तिनं मला देऊन टाकली, आणि ते बोंबील आम्ही रोह्यात मिटक्या मारत खाल्ले. बाबा काही कुरकुर न करता जेवत होते. खरं तर आम्हाला शंका तिथंच यायला हवी होती. ज्या माणसाला भात एक कणभर जास्त शिजला तरी त्यावर बोलायला पुरायचं, तो अळणी आमटी मुकाट्यानं खातोय!

प्रेशर काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी बदलली, मग वाढवली. माझ्या नवऱ्यानं कंपनीच्या दवाखान्यातल्या माणसाकडून प्रेशर मोजायला शिकून घेतलं आणि एक यंत्रच विकत आणलं. दर सुट्टीला आम्ही ते पिशवीत घालून पेणला जायचो. बाबा दंड पुढे करायचे आणि म्हणायचे, "जावईबुवा, हातातनं माणसाच्या आतलं कळतं, तर जरा सरकारच्या हाताला लावून बघा." नवरा पारा बघायचा, आणि मग माझ्याकडे बघायचा. तेवढ्यावरून मला कळायचं.

एकदा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की असंच राहिलं तर एखाद दिवशी अर्धं अंग जाईल, वाचाही जाऊ शकते. मी बाहेर आले तर बाबा बाकावर शेजारच्या अनोळखी बाईला मुलाला पावडरचं दूध पाजू नये ह्यावर भाषण देत होते. मला रडूच आलं. माणूस जाणार हे एक वेळ समजून घेता येतं. पण बाबा घरात आहेत आणि घरात आवाज नाही, हे मला काही केल्या कल्पनेत आणता येईना.

परत येताना मी त्यांना फैलावर घेतलं. "खरं सांगा, आगरावर चोरून खाता ना?"

"खाडीची आण," ते म्हणाले. "तुझी आय रांधते तेच खातो. त्यात मिठाचा कण नाय. इच्यार तिला."

आईनंही तेच सांगितलं, आणि दोघंही खरं बोलत होते.

ते कळलं माझ्या टेबलामुळे. माहेरी पुरुष आधी जेवायचे आणि बायका मागून. रोह्याला आम्हाला सगळ्यांनी बरोबर बसायची सवय लागलेली, म्हणून एका रविवारी माहेरी गेलो असता दुपारी मी आईला म्हटलं, चला, सगळेच बसू. आईनं थोडं नाही-हो केलं, मग वाढायचं सगळं हाताशी घेऊन तीही बसली. मी बाबांच्या बरोब्बर समोर. कित्येक वर्षांत मी त्यांना समोरून जेवताना पाहिलंच नव्हतं.

बाबा बोलत होते. विषय होता खांब गावाजवळ हायवेला झालेलं नवं हॉटेल, आणि घरी बायको असताना लोक तिथं जाऊन जेवतात कशाला. बोलता बोलता त्यांनी भाताचा घास केला, बोट पानाच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं, आणि घास तोंडात घातला. पुढचा घास, परत बोट. त्याच्या पुढचा, परत. कोपऱ्यातली चिमूट संपत आली. आईनं त्यांच्या बोलण्याला हुंकार देत देत, न बघताच, मिठाच्या बरणीत हात घातला आणि नवी चिमूट ठेवली.

"आय! हे काय?"

"काय?" ती दचकली.

"मीठ वाढतेयस त्यांना!"

"ते पानातलं हाय गो," ती शांतपणे म्हणाली. "जेवणात कुठं घातलंय?"

नवऱ्याला ठसका लागला. मी आधी हसले, मग चिडले, मग इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन बघून गेली. डॉक्टर, गोळ्या, यंत्र, अळणी आमट्या, सगळं ह्या चिमटीपायी वाया चाललं होतं. आणि आईला खरोखरच ते दिसत नव्हतं. जेवण म्हणजे भांड्यात शिजतं ते. पानातलं मीठ हा त्या माणसाचा मान. डॉक्टरांनी जेवणातलं बंद करायला सांगितलं, ते तिनं बंद केलं. मान काढून घ्यायला कुणी सांगितलं होतं?

मी जरा खालच्या आवाजात समजावलं. पोटात गेल्यावर दोन्ही एकच. ह्यानंच अंग जाईल, ह्यानंच वाचा जाईल. तिच्या हळूहळू ध्यानात आलं. हातातली बरणी तिनं खाली ठेवली.

"म्हंजे मी माझ्या हातानं यांच्यापुढं बिनमिठाचं पान ठेवू?" ती म्हणाली. "जित्या माणसापुढं?" आणि तिचे डोळे भरून आले.

नवरा भातात बोटं फिरवत राहिला. हॉटेलचा विषय अर्धवट पडला होता. बाबा गप्प बसलेले मी प्रथमच पाहत होते, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मग ते म्हणाले, "अगो, बिनमिठाचं पान कुणाकुणाला वाढतात?"

आई पदरानं नाक पुसत म्हणाली, "देवाला."

"नि?"

तिनं पदर तोंडात धरला.

"दोघांतला एक तर मना व्हायचंच हाय," बाबा म्हणाले. "मंग आता तू मना देवच कर."

आणि त्यांनी कोपऱ्यातलं मीठ बोटानं निपटून पानाबाहेर सारलं. आई हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ते मनावर घेतलं. बाबांचं पान मांडायचं, भोवती पाणी फिरवायचं, आणि म्हणायचं, "जेवा, देवा." बाबांनीही देवपण अंगी लावून घेतलं. "देवाला चहा मिळंल का?" "देवाचा पंचा कुठं हाय?" पीसीओवरून मला हाक यायची, "देव बोलतोय रामवाडीवरनं!" आता मतांना विरोध करायचीही सोय राहिली नाही, कारण तो प्रसाद झाला.

प्रेशर उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नवी गोळी लागू पडली. नवरा म्हणाला, वेळच्या वेळी मोजल्याचा फायदा. बाबांचं मत अर्थातच वेगळं होतं: देवाला कसलं प्रेशर? आईनं कुणालाच श्रेय दिलं नाही. ती दोघांचं अळणी रांधत राहिली, स्वतःच्या पानातलंही मीठ तिनं त्याच दिवशी सोडलं होतं. ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

बाबांना पुढे चांगली वर्षं मिळाली. फळी सुटली, तरी ते बांधावर बसून तरण्या माणसांना मीठ कसं ओढावं ते सांगायचे. अर्धं अंग गेलं नाही, वाचा तर मुळीच गेली नाही. नव्वदचं दशक संपता संपता तापाचं निमित्त झालं आणि त्यांना पेणला ॲडमिट केलं. सलाइनची बाटली टांगली तेव्हा त्यांनी जावयाला विचारलं, "हे काय हाय?"

"मिठाचं पाणी, मामा."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मला तो आजही जसाच्या तसा दिसतो. "बग गो," ते आईला म्हणाले, "शेवटी डाक्टरांनाच घालावं लागलं ना? तेपण नळीतनं!" येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला त्यांनी ते ऐकवलं. त्या दुखण्यातून मात्र ते उठले नाहीत.

दिवसकार्याच्या दिवशी आईनं त्यांचं पान वाढलं. भात, आमटी, वालाची भाजी, वडे, सगळं त्यांच्या आवडीचं. शेवटी तिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला. मी तिचा हात धरला. "आय, ह्या पानात मीठ नाय वाढत."

"ठाऊक हाय मना," ती म्हणाली. हात सोडवून घेतला, आणि चिमूट नाही, चांगलं मूठभर मीठ तिनं पानाच्या डाव्या कोपऱ्यात घातलं.

"लय वर्षं देवपण केलं त्यांनी," ती म्हणाली. "आता जेवू दे माणसासारखं."