सतरावा धडा

धोंडू गमरे मुंबईच्या गोदीतली सत्तावीस वर्षांची नोकरी सोडून रत्नागिरीतल्या पालीजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा त्यांच्यापाशी एक ट्रंक, दोन वळकट्या आणि स्वेच्छानिवृत्तीचा चेक होता. चेक त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"ह्ये तू बघ, बाय. तुला शाळेत घातली ती कशाला?"

आम्रपाली, त्यांची एकुलती एक लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. वय अडतीस, लग्न केलेलं नाही. वाडीतली पहिली डी.एड. झालेली मुलगी ती, आणि बापाला त्याचा केवढा अभिमान! तिच्या आईचं, चंपाबाईंचं म्हणणं मात्र एकच होतं: आधी घर. जुनं घर मातीचं, दर पावसात एक भिंत बसायची. म्हणून शेजारीच नव्या घराचा पाया घातला, जांभ्याचे चिरे आणले आणि नव्व्याण्णवच्या दिवाळीपर्यंत भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या. राहिला तो स्लॅब. त्याचे पैसे बँकेत होते.

शनिवारी शाळा सकाळची. दिवाळीनंतर अशाच एका शनिवारी पगारपत्रकाच्या कामासाठी आम्रपाली रत्नागिरीला गेली होती. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून मांडवीच्या समुद्राकडे चालत निघाली, तर एका घराच्या पडवीला काचा लावून आत तीन कॉम्प्युटर मांडलेले. बाहेर पाटी: इंटरनेट, तासाला साठ रुपये. ते पद्मजाताई पाध्यांचं होतं. नवरा आंब्याच्या बागांत, मुलं पुण्याला. रिकाम्या पडवीचं बाईंनी हे केलं होतं.

"काय शोधायचंय तुम्हाला?" पद्मजाताईंनी विचारलं.

"पैसे कुठे ठेवावेत ते," आम्रपाली म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

पद्मजाताई हसल्या नाहीत. माऊस कसा धरायचा ते दाखवलं आणि हुडकत हुडकत एका साइटवर आणून सोडलं. मुंबईच्या कुणा मंडळींनी ती चालवली होती. गुंतवणूक आणि शेअर बाजार शिकवणारा वीस धड्यांचा मोफत वर्ग, दर पंधरवड्याला एक धडा. सगळं इंग्रजीत. वरती वीसही धड्यांची नावं ओळीनं लिहिलेली.

आम्रपालीला वर्ग म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. तिनं दोनशे पानी वही केली. धडा उतरवून आणायचा, घरी शब्दकोश घेऊन मराठी करायचं. 'लिक्विडिटी'ला तिनं लिहिलं, 'पैसा हाताशी असणं'. 'व्होलॅटिलिटी'साठी आठवडाभर शब्द सापडेना, शेवटी लिहिलं 'चंचलपणा'. रविवारी जुन्या घराच्या पडवीत ती बापाला धडा समजावून सांगे. धोंडू रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकलेले, पण प्रश्न नेमका विचारत.

"म्हंजे गोदीवानीच. माल चढतो, उतरतो. पन जहाजच बुडलं तर?"

"सगळी जहाजं एकदम बुडत नाहीत, बाबा. म्युच्युअल फंडात पन्नास कंपन्यांचे शेअर असतात."

हे सहाव्या धड्यात होतं. शाळेतले गुरुजी लोक एव्हाना मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जमायला लागले होते. कुणाला युनिट, म्हणजे फंडातला एक हिस्सा, समजून हवं, कुणाला एनएव्ही, म्हणजे त्या युनिटचा रोजचा भाव. आयुष्यात पहिल्यांदा पुरुष माणसं तिचं म्हणणं मान हलवत ऐकत होती.

दोन हजारच्या फेब्रुवारीत एक नवा फंड आला. नुसत्या कॉम्प्युटर कंपन्यांचा. दहा रुपयाला युनिट. त्या वर्षी अशा फंडांचे आकडे बघून माणसं वेडी झाली होती. आम्रपालीनं दोन शनिवार आकडे काढले. मग घरी बोलली: स्लॅबचे पैसे वर्षभर इथे ठेवू. वर्षानं स्लॅब होईल आणि वर आणखी एक खोलीही निघेल.

"आनि घर तसंच उघडं ठेवायचा?" चंपाबाई म्हणाल्या.

धोंडूंनी त्यांना गप्प केलं. "ती शिकून सांगते. आपून काय शिकलाव?"

अर्जावर त्यांनी सही केली. गोदीत रात्रशाळेत गिरवलेली सही, प्रत्येक अक्षर सुटं.

नववा धडा मार्चच्या मध्यावर आला. त्यात लिहिलं होतं, तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, आणि एकाच धंद्याच्या फंडात तर मुळीच नाही. आम्रपालीनं ते तीनदा वाचलं. अर्ज भरून घेणाऱ्या एजंटला तिनं पद्मजाताईंकडूनच फोन लावला.

"नऊ साठचा भाव चालू आहे, मॅडम. लगेच घाबरायचं नसतं. महिन्यात पुन्हा वर," एजंट म्हणाला.

वहीत उतरवून ठेवलेली धड्यांची यादी तिनं बघितली. धडा सतरावा: पैसे कधी काढावेत. अजून आठ धडे होते. वर्गातल्या मुलांना ती पुढचं पान उलटू देत नसे, आणि स्वतःही उलटणारी नव्हती. ती थांबली.

एप्रिलमध्ये युनिटचे आठ झाले, मग सात. सोळावा धडा जूनच्या अखेरीला आला. सतराव्याच्या जागी 'लवकरच' एवढाच शब्द. जुलैभर तोच शब्द. गणपती होऊन गेल्यावर एका शनिवारी तिनं पत्ता टाकला आणि पान उघडलंच नाही. पद्मजाताईंनी फोनची वायर काढून पुन्हा जोडली, दुसरा कॉम्प्युटर लावून बघितला.

"बंद पडली वाटतं हो. हल्ली रोज एक बंद पडत्येय."

"पण चार धडे राहिलेत."

पद्मजाताईंनी तिला ईमेल उघडून दिला. आम्रपालीनं इंग्रजीत पत्र लिहिलं, आदरणीय महोदय म्हणून सुरुवात करून. मी आपली नियमित विद्यार्थिनी आहे, सतराव्या धड्याची प्रत पाठवल्यास उपकार होतील. पत्र दोन मिनिटांत परत आलं. असा पत्ता नाही.

मग ती जिथे लोक आपापली मतं लिहितात अशी पानं वाचू लागली. खोट्या नावाची माणसं, एक म्हणे, धरून ठेवा; दुसरा म्हणे, मूर्खांनो, विका. दोघंही तितक्याच खात्रीनं लिहीत. कोण खरा? पाच झाले, मग चार. दोन हजार एकच्या सप्टेंबरात दोन रुपये साठ पैसे. दर शनिवारी ती साठ रुपये देऊन तो आकडा बघून यायची. त्याला ती हात लावू शकत नव्हती, पण बघायचं सोडूही शकत नव्हती.

चौथऱ्यावरच्या नव्या भिंतींना शेवाळ धरलं. आत रानमोडीची झुडपं उगवली. शाळेतले गुरुजी मधल्या सुट्टीत आता तिच्याजवळ बसत नसत. त्यातल्या दोघांनी तिचं ऐकून पैसे घातले होते.

"बाबा, काढून घेऊ या का?" तिनं एकदा विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

लेकीच्या तोंडून हे वाक्य धोंडूंनी कधी ऐकलं नव्हतं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि उठून विहिरीकडे गेले.

दोन हजार तीनच्या जानेवारीत सकाळी दात घासता घासता ते कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सिव्हिलमध्ये दहा दिवस काढले. पुढे औषधं, मालिशवाला, हवेची गादी. आम्रपालीनं पैसे काढण्याचा फॉर्म आणला. युनिटं बापाच्या एकट्याच्या नावावर होती. तिनं त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं. कशीबशी एक रेघ ओढली गेली. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. सही जुळत नाही.

"अंगठा चालेल का?" तिनं फंडाच्या ऑफिसला फोनवर विचारलं.

"बँक मॅनेजरसमोर लागेल, मॅडम. त्यांचा शिक्का हवा."

"ते उठू शकत नाहीत हो."

"नियम आहे, मॅडम."

बँकेचे मॅनेजर माणूस चांगला. मार्चअखेरची गडबड संपल्यावर रविवारी स्वतःच्या स्कूटरवरून वाडीत आले. चंपाबाईंनी नवऱ्याचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. धोंडू तोंड भिंतीकडे वळवून पडले होते. साक्षर माणूस, म्हातारपणी अंगठा देत होता. आम्रपाली बाहेर जाऊन उभी राहिली.

युनिटला तीन रुपये दहा पैसे या भावानं पैसे मिळाले. त्यांचा चेक भरायला ती बँकेत गेली तेव्हा काउंटरवरच्या बाई हळूच म्हणाल्या, "फंडात टाका ना, मॅडम. आता वर जाणार म्हणतात." आणि खरंच, त्याच वर्षी बाजार असा चढला की दिवाळीपर्यंत त्या युनिटाचे पाच झाले. हे तिला पेपरमधून कळलं. मांडवीला जाणं तिनं सोडलं होतं.

धोंडू आणखी तीन वर्षं जगले. संध्याकाळी आम्रपाली त्यांना पेज भरवायची. कधीकधी ते डावा हात उचलून तिच्याकडे बघत आणि घशातून एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत. काहीतरी विचारत असत, एवढं नक्की.

"पाणी हवंय? कूस बदलू? आईला बोलावू? घराचं विचारताय?"

प्रत्येकाला ते मान हलवत. नाही, ते नाही. मग दमून डोळे मिटत. ती चमचा हातात धरून पुढचा प्रश्न शोधत बसे, आणि वाटीतली पेज निवून जाई.