सासुरवाडीचं वळण

आमचे काका बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. राज्यभर महामार्गांचं जाळं विणायचं असं सरकारने पहिल्यांदाच मनावर घेतलं, तेव्हा कचेरीतल्या एका भिंतीवर भलामोठा नकाशा चढला. गावांच्या जागी टाचण्या ठोकल्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत लाल दोरा ओढायचं काम काकांकडे आलं. दोरा जाईल तिथे महामार्ग, नाही जाणार तिथे चिखल. काका घरातही अशा थाटात वावरायला लागले, की जणू डांबर त्यांच्याच खिशातून निघणार होतं.

काकूच्या माहेरी दोरा जात नव्हता. तिकडची बस नदीपाशीच हात टेकायची आणि पुढे पायपीट. काकूला आईची भेट वर्ष वर्ष होत नसे, त्याने ती झुरायची. काकांना मात्र यात काडीचं दुःख नव्हतं. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की जावयाच्या जेवण्यापासून घोरण्यापर्यंत सगळं निघायचं. त्यांना येता येत नाही, यावरच काकांचा सुखाचा संसार उभा होता.

"अहो, राज्यभर दोरा गुंडाळताय, माझ्या आईपर्यंत वीतभर पुरत नाही?" काकू विचारायची.

"सरकारी काम आहे ते. तिथे माहेर-सासर चालत नाही," म्हणून काका वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

मंत्री नकाशा बघायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी दोरा संपला. नवं रीळ हवं तर अर्ज हवा, अर्जावर सही हवी, आणि सहीवाले साहेब रजेवर. काका घरी धावले. काकू शिवणाच्या डब्यातलं लाल रीळ घेऊन स्वतःच कचेरीत आली. "तुम्हाला गाठ कुठे मारता येते? बुटाच्या नाड्यासुद्धा मी बांधते," म्हणाली आणि स्टुलावर चढली. बोलणं खोटं नव्हतं. काका चहा सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी मंत्री जिना चढत होते आणि काकांची नजर नकाशावर गेली. शेवटचा दोरा सरळ जायचा सोडून ऐटीत वळून थेट सासुरवाडीला गेला होता आणि तिथेच गाठ होती. काकांनी गाठ ओढली. ती काकूची गाठ, हलते कशाला! उलट राज्यभरचे महामार्ग सैल होऊन लोंबायला लागले. काकांनी घाईघाईने सगळं ताणून धरलं, तोच मंडळी आत आली.

"हे वळण कशासाठी?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

चूक झाली म्हणायची हीच वेळ होती. काकांनी घाम पुसला. "साहेब, तिथे माणसं राहतात. त्यांना बाहेर पडायला रस्ता नाही."

मंत्र्यांनी मान डोलावली. मग पाहणी झाली, तिथला बाजार निघाला, दगडाची खाण निघाली, आणि खात्याला वळणाची कारणं आपोआप सापडली.

रस्ता झाला आणि पहिल्याच बसने सासूबाई ट्रंकेसकट उतरल्या. पुढे दर महिन्याला यायच्या. काका त्या रस्त्याला येताजाता शिव्या घालायचे, पण दोऱ्याबद्दल काकूला कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, असं काकू धरून चालली होती.

अखेर एका सकाळी सासूबाई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. जेवायच्या वेळेला दोघं तिथे पोचलेही. जावयाला इस्त्री न केलेल्या शर्टावरून बोलून झाल्यावर, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून त्या गेल्या.

परतीची बस त्या वळणावर आली. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाठ पक्की मारली होतीस हो."

काकू तेव्हा कुठे रडली.