मांदेलीची चव

भाऊ मुंबईत वारला त्या दिवशी मी इथे वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. पुढे मुंबईहून त्याचं सामान आलं. त्यात कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम होता. तो विकायला मी मिरकरवाडा बंदराजवळच्या व्हिडिओ गेमच्या एका दुकानात गेलो.

दुकानदार पूर्वी जहाजावर होता. नाव मी कधी विचारलं नाही. जुन्या, स्वस्त कॅसेट तो मासळीच्या टोपलीत ठेवायचा आणि देताना प्रत्येकीवर फुंकर मारायचा.

"सगळ्यांना सुरमई पायजे," टोपलीतली एक कॅसेट माझ्यापुढे धरत तो म्हणाला. "ही बारकी मांदेली बगा. कोण विचारीत नाय, पण चव हिलाच. खेळून बगा, मग विका."

वादळात खडकांमधून होडी बंदरात आणायची, एवढाच खेळ. माझी होडी सारखी फुटायची. मासेमारीची बंदी होती, त्यामुळे दुकानातल्या बाकांवर रिकामे खलाशी बसलेले. वाचनालयातला म्हणून ते मला मास्तर म्हणत. "मास्तर, पोवायला तरी येतं काय?" एकाने विचारलं.

दुकानदाराने पडद्यावर बोट ठेवलं. "किनाऱ्याला चिकटू नका. घाबरला की माणूस जमिनीकडं पळतो नि खडकावर आपटतो. आधी खोल पाण्यात काढा."

मी रोज जाऊ लागलो. एका संध्याकाळी होडी खोल पाण्यातून वळली आणि धक्क्याला लागली. तो स्टुलावर चढून मासळीच्या लिलावासारखा ओरडला, "आली रे! मास्तरांची होडी आली!" खलाशांनी बाक बडवले. मीही ओरडलो. भाऊ गेल्यापासून माझा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

व्हिडिओ गेम मी विकला नाही. ती कॅसेट मी विकत घेतली, ती त्यातच आहे. भाऊ नाही. होडी बंदरात आहे.