आत सोडलेलं कापड

दुपारचं जेवण झालं की झोप माझ्यावर येऊन बसते. फिटच्या गोळ्या बंद करून आज नऊ दिवस झाले, तरी ही सुस्ती काही हटत नाही. शिवणयंत्राशेजारच्या कॉटवर मी कुशीवर पडले आहे. पोट माझ्या शेजारी पसरलंय, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं. मानेच्या वळीत घाम साचलाय, त्याला आंबूस वास आहे. उशीवर गळलेले केस. मला या अंगाची किळस येते. वाईट वाटणं वगैरे नाही, सरळ किळस.

गोळ्या सुरू झाल्यापासून तीन वर्षांत बावीस किलो वाढले. भूक तर अशी की गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला बाही लावता लावता मी अर्धा पुडा फरसाण संपवते आणि बोटांचं तेल स्वतःच्या पदराला पुसते. हात थरथरतो, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते. ती ओवून देते आणि वर म्हणते, "मालन, भात सोड गं." भात सोडला. काही झालं नाही, मग गोळ्याच सोडल्या. नवरा समोर उभा असतो म्हणून गोळी जिभेखाली धरते आणि तो वळला की काढून बटणांच्या डब्यात टाकते. अठरा गोळ्या झाल्यात, लाळेनं अर्धवट विरघळून बटणांना चिकटलेल्या.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो आणि यंत्राचा सुरू होतो.

यंत्रावर रसिका बसली आहे.

रसिकाला जाऊन दोन वर्षं होत आली. सरकारी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांच्या रांगेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिलाही फिट यायची. चोवीस वर्षांची पोर. लग्न ठरलं तेव्हा तिनं सगळे ब्लाऊज माझ्याकडेच शिवायला टाकले होते.

"काकू, माझा मोरपंखी झाला का?" ती विचारते. तिच्या केसांतून पाणी ठिबकतंय.

"तो तर तू नेलास."

"हो ना. तोच."

फिनेलचा वास येतो. माझ्याखाली आता कॉट नाही, दवाखान्यातला तो लोखंडी बाक आहे. माणसं तोंड फिरवून सरकतात, कारण मला दोघांची जागा लागते. रसिका टेप काढून माझ्या कमरेभोवती घालते. टेपची टोकं एकमेकांना भेटत नाहीत.

"नको मोजू. घाण झालेय मी."

"मी पण होते की. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या. फोटोत तोंड मिटून हसायचे."

"मग बारीक झालीस."

"कशी झाले ते तुम्हाला माहीत होतं, काकू."

होतं. ब्लाऊज तिसऱ्यांदा आत घ्यायला आली तेव्हाच ती बोलली होती, गोळ्या सोडल्यात, घरी सांगू नका. मी म्हटलं, "छान दिसतेस." मला तिचा हेवा वाटला होता. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. उद्या बाई अंगानं सुटली तर उसवून सैल करता येतं. रसिका म्हणाली, "कापून टाका, आता मला ते कधीच लागणार नाही." आणि मी कापलं. पंचवीस वर्षांत तेवढं एकदाच.

बाक ओला होत जातो. आम्ही तिच्या न्हाणीघरात उभ्या आहोत, मधे बादली. याच बादलीवर ती फिट येऊन पालथी पडली, लग्नाला सोळा दिवस असताना. पाण्यावर साबणाचा राखाडी फेस आणि केस तरंगताहेत. माझे की तिचे, कळत नाही.

"दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यातून घरी आणलं," ती सांगते, "तेव्हा अंग फुगलं होतं. आईला माझ्या अंगात मोरपंखीच घालायचा होता. हुक लागेनात. घरचे उसवायला गेले तर आत कापडच नाही. मग मागून कात्रीनं उभा चिरला आणि नुसता पुढून ठेवला."

मी बादलीवरून तोंड फिरवते. "पुरे कर."

"किळस येते?"

"येते."

"कशाची?"

सकाळी कुणी विचारलं असतं तर मी पोटावर हात ठेवला असता. "जिभेची," मी म्हणते. "छान दिसतेस म्हणाली ती."

रसिका बादलीतले केस बाजूला सारते. "मला डॉक्टरांना म्हणायचं होतं, गोळी बदलून देता का. पण समोर तीन शिकाऊ पोरं उभी असायची. वजनाचं कसं बोलायचं? तुम्ही विचारलंत?"

"नाही. हसतील."

ती ओल्या केसांतून अर्धं ब्लेड काढते आणि माझा डावा हात वर धरते. काखेतला वास मलाच सहन होत नाही, तिला त्याचं काही नाही. काचणाऱ्या ब्लाऊजची शिवण ती टाका टाका उसवत खाली येते.

"स्वतःच्यात ठेवलंय की कापड," ती म्हणते. "मग कशाला जीव काढता?"

माझ्या छातीत हवा शिरते.

पंखा फिरतोय. साडेतीन वाजलेत. उशी लाळेनं ओली आहे. मी घाबरून जीभ दातांवरून फिरवते. चावलेली नाही, फिट आली नव्हती. पण डावी बाजू सैल लागते. ब्लाऊज काखेपासून कमरेपर्यंत उसवलेला आहे आणि आतलं दोन बोटं कापड बाहेर आलंय, बाकीच्यापेक्षा गडद, नव्यासारखं. ब्लेड यंत्राच्या खणात आहे, खण बंद.

डावी मूठ मिटलेली आहे. उघडते तर आत दोरा. माझ्या या थरथरत्या हातानं उसवलं तर दोरा दहा ठिकाणी तुटतो. हा एकच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, आणि ओला.

तो मी बोटाला गुंडाळते. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. हसले तर हसू देत. बाहेरच्या खोलीत नवरा पेपर वाचतोय. मी त्याला हाक मारते आणि तो येईपर्यंत बटणांचा डबा उघडून कॉटवर ठेवते.