हुग्गीचे डबे आणि तेरा मैल

बाराव्या वर्षी मला विषमज्वर झाला आणि डॉक्टरांनी आईला सांगितलं, पोराचं हृदय नाजूक आहे, जपा. झालं! तेव्हापासून बेंगळूरातल्या आमच्या चामराजपेटच्या घरात मी जिना चढलो तरी आई खालून विचारायची, धाप लागली का? एकोणिसाव्या वर्षीसुद्धा. मिशी फुटलेला मी, आणि गल्लीतलं शेंबडं पोरही मला पळण्यात हरवायचं. म्हणून कॉलेजात तेरा मैलांची शर्यत ठरली तेव्हा मी नाव देऊन मोकळा झालो. पहिलं येण्याचं वेड नव्हतं. आपलं हृदय चारचौघांसारखं आहे की नाही, एवढंच मला एकदाचं पाहायचं होतं.

घरी सांगायची सोय नव्हती. मदतीला आला तो धनुर्मास. त्या महिन्यात पहाटे देवळात जाऊन हुग्गी, म्हणजे मुगाची मिरी-तुपातली खिचडी, प्रसाद म्हणून आणायची आमच्याकडे चाल. मी म्हटलं, यंदा महिनाभर मी जातो. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

पहाटे साडेचारला धोतर नेसून, पितळी डबा घेऊन निघायचं. कोपरा वळला की धोतर सोडून गळ्याभोवती गुंडाळायचं. आत चड्डी होतीच. देवाला जाताना वहाणा कशाला, म्हणून अनवाणी. बेंगळूरची थंडी त्या काळी अशी, की पायाची बोटं जागेवर आहेत की घरीच राहिली, हे वाकून बघावं लागे. पहिल्या दिवशी अर्ध्या मैलातच पोटात असा गोळा आला की एका बंद दुकानाच्या फळीवर बसून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पण हळूहळू मी लांबलांबचे देव शोधू लागलो. आधी मैलावरचा, मग तीन मैलांवरचा, शेवटी थेट पाच मैलांवरचा मारुती. दुपारी वर्गात बाकावर डोकं टेकलं की घोरायलाच लागायचो.

आईनं पोराची भक्ती गल्लीभर केली. नको तेच झालं. शेजारच्या दोन अक्कांनीही आपापले डबे माझ्या हाती दिले. येताना तीन डबे, ठण ठण ठण, मी पुढे आणि कुत्री मागे. एकदा हवालदारानं धरलं. अंधारात भांडी घेऊन पळणारा चड्डीवाला बघून त्याचं तरी काय चुकलं? मी झाकण उघडून दाखवलं. त्यानं चवीनं निम्मा डबा संपवला आणि ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणून सोडून दिलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शर्यत. मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून सटकलो. दहा मैल मजेत गेले. बाराव्यात पायांची लाकडं झाली. शेवटचा फर्लांग बाजाराच्या रस्त्यानं मैदानात जायचा, आणि समोरून भाजीची पिशवी घेऊन आई.

"थांब," ती ओरडली. चेहरा पांढराफटक.

आज थांबलो तर जन्मात पुन्हा पळणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. मी थांबलो नाही. तिच्या तोंडावर तिचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ. तर आई नऊवारीचा पदर खोचून माझ्यामागे धावत सुटली! पिशवीतली वांगी रस्ताभर. लोक शिट्ट्या मारताहेत, मला हसू आवरत नाही, हसता हसता रडू येतंय, आणि पाय, अहो, पाय आपले आपण पळताहेत. रेघ ओलांडून मी गवतावर कोसळलो. पाठोपाठ आईनंही ओलांडली. वही घेऊन बसलेल्या मास्तरांनी तिला गंभीरपणे नंबर विचारला.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याशेजारी बसून तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मी डोळे मिटून पडलो होतो. शर्यतीचं काय व्हायचं ते झालं होतं; मला भीती होती ती या निकालाची.

"तुझं बरं चाललंय रे," ती धापा टाकत म्हणाली. "माझंच फुटायला आलंय."