काचेतले रंग

माझी आत्या वेधशाळेत मोजणीचं काम करायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. काही तारे अचानक भडकतात. त्या भडक्यात प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेने हलतात का, एवढं शोधण्यात तिने अठरा वर्षं घातली. लग्नाचं विचारणाऱ्याला ती "सवड मिळाली की कळवते" म्हणून वाटेला लावायची. माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ, तिथेच फिटर होते. तिनेच त्यांना चिकटवलं होतं.

त्या वर्षी तिचा तारा आठवड्यातून दोनदा भडकू लागला आणि आकडे चढत गेले. आत्या हरखली. पण तारा शांत असतानाही आकडे चढलेलेच दिसले, तेव्हा तिने यंत्रच तपासायला घेतलं. दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याच्या डब्यात एक ध्रुवक पट्टी होतीच, एकाच दिशेने हलणाऱ्या लहरी तेवढ्या सोडणारी; भर दुपारी दुसरी पट्टी बाहेरून आडवी धरून तिने दिव्याच्या उजेडात डब्याची काच पाहिली. ताण नसलेली काच अशा उभ्या-आडव्या दोन पट्ट्यांमधून काळी दिसते. हिच्यात एका स्क्रूभोवती रंगांचे पट्टे उमटले होते; म्हणजे तिथे काच ताणली होती, आणि लहरींची दिशा बदलून तीच आकडे चढवत होती. डब्यात दाबाने कोरडी हवा भरलेली असे. ती गळू नये म्हणून बाबांनी तो स्क्रू जरा जास्तच आवळला होता.

साहेब म्हणाले, आता हात लावला तर सगळी मोजणी नव्याने करावी लागेल. पंधरा दिवस थांबू, काचेचा वाटा मागाहून वजा करू. आत्याने मान डोलावली. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

रोज सकाळी बाबा ती काच पुसायचे, नाक टेकेल इतक्या जवळून. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे स्क्रू सैल केला असता, म्हणून तिने सांगितलं नाही. नुसतं लांबून पूस म्हणायची. म्हातारी झालीस, असं म्हणत बाबा हसायचे. पट्टे रोज दाट होत होते.

नवव्या दिवशी काच फुटली.

बाबांचा डावा डोळा गेला, उजव्याबद्दल डॉक्टर काही सांगेनात. आत्या खाटेशी बसून होती. तिने सगळं सांगून टाकलं, स्क्रू, पट्टे, ते नऊ दिवस. डोळ्यांवरच्या पट्टीआडून बाबांनी विचारलं, "ताई, तारा तरी मिळाला का?"

ती नाही म्हणाली. वाढलेला आकडा न् आकडा काचेचा होता.