फिटिंगबाईंनी शिवलेली झोपायची पिशवी

गल्लीत त्यांना सगळे फिटिंगबाई म्हणायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. बाईंनी जन्मभर गणवेश शिवले, शाळेचे, दवाखान्यातल्या नर्सचे, बँकेच्या दारावरच्या रखवालदाराचे. शिवणीत फारशी माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची नाही, कुठे चुणी पडू द्यायची नाही, कापड अंगाला चिकटून बसलं पाहिजे. त्यांनी शिवलेला शर्ट घातला की माणूस आपोआप ताठ चालतो, कारण वाकायची सोयच नसते, असं त्यांचे यजमान म्हणायचे. अर्थात बाई मशीनवर बसल्या असताना, म्हणजे ऐकू जाणार नाही अशा बेताने. 'सैल' हा शब्द बाई शिवीसारखा वापरायच्या. सांगून न येणारा प्लंबर सैल, कोमट चहा सैल, आणि यजमान तर लग्नाच्या दिवसापासून सैल.

एवढ्या करड्या बाई, पण नातीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. नात दुसरीत होती. मैत्रिणींच्या घरी रात्री राहायला जायची तिला भारी हौस. पिशवी भरून ऐटीत जायची, पण तिथले दिवे मालवले की पोटात दुखायला लागायचं आणि तिच्या आईला, म्हणजे बाईंच्या लेकीला, घरच्याच कपड्यांवर गाडी काढून तिला आणायला पळावं लागायचं. असं इतकेदा झालं की मैत्रिणी तिला बोलवेनाशा झाल्या. एकदा वर्गातल्या सगळ्या जणी राहायला गेल्या आणि हिला ते सोमवारी कळलं. त्या दिवशी पोरगी आजीकडे येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

बाईंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. शनिवारी दोन मैत्रिणींना इकडे, आजीकडेच बोलवायचं. बाहेरच्या खोलीत तंबू उभा राहील, तंबूत झोपायला तिघींना तीन पिशव्या, आणि सगळं घरी शिवायचं. लेक म्हणाली, "आई, फार मनावर घेऊ नकोस. मी फोन उशाशी ठेवते." हे बाईंना चांगलंच झोंबलं.

तंबू झकास झाला. जुन्या निळ्या पडद्यांचं कापड, खिडकीला जाळी, दाराला काजं-बटणं. यजमानांनी झाडूंचे दांडे कापून खांब केले आणि बाई कापड ताणून बसवेपर्यंत ते खांब धरून उभे राहिले. मग पिशव्या. बाईंनी नातीला भिंतीला टेकवून उभं केलं, ताठ राहायला सांगितलं, श्वास सोडायला लावला आणि टेप लावली. वर फुलाफुलांचं कापड, आत मऊ अस्तर, मध्ये कापूस, त्यावर चौकटीच्या टिपा आणि बाजूला लांब चेन. पहिली पिशवी पुरी झाली तेव्हा बाईंनी ती हातावर घेऊन अशी न्याहाळली, की आता कोणी काय बोलायचं!

नात आत शिरली. बाईंनी चेन गळ्यापर्यंत ओढली. पोरगी पेन्सिलीसारखी सरळ झाली, फक्त डोळे हलत होते.

"छान आहे गं आजी," ती विचार करून म्हणाली. "पण यात झोपायचं का उभं राहायचं?"

यजमानांना एकाएकी स्वयंपाकघरात काम आठवलं. तिथून बराच वेळ भांडी वाजत राहिली, पण आवाज नुसता भांड्यांचा नव्हता.

"मला भीती वाटली ना, की मी गुडघे पोटाशी घेते," नात हळूच म्हणाली. "यात घेताच येत नाहीत."

बाईंनी एवढ्या माणसांची मापं घेतली, पण सगळी उभ्याने. झोपलेल्या माणसाचं माप त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात सोफ्यावर पेंगली तेव्हा बाई टेप घेऊन दबकत गेल्या. गुडघ्याशी टेप लावावी तर गुडघा दुसरीकडे. कोपर धरावं तर पोरगी कूस बदलून पाठमोरी. शेवटी टेप गळ्यात टाकून त्या नुसत्याच बघत बसल्या. मग उठल्या आणि त्यांनी स्वतःची शिवण उसवली. दोन्ही बाजूंना पडद्याच्या उरलेल्या रुंद पट्ट्या जोडल्या. कात्री चालवताना हात अडखळत होता, केवढं हे कापड!

"अगं, यात दोघं मावतील," यजमान म्हणाले.

"मावू देत," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून हे आलं याचं त्यांना नवल वाटलं. बाकीच्या दोन पिशव्याही त्यांनी तशाच ऐसपैस शिवल्या.

शनिवारी मैत्रिणी आल्या, तंबूत बॅटरी लागली, बिस्किटांचा चुरा झाला, खिदळणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं. मग दिवे मालवले.

फोन वाजला नाही. त्यामुळे लेकीला झोप लागली नाही ती नाहीच, आणि रविवारी उजाडताच ती येऊन थडकली. यजमानांनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. तिने तंबूचं एक बटण काढून आत पाहिलं. दोघी मैत्रिणी गाढ झोपल्या होत्या. तिसऱ्या पिशवीतून लेकीच्या लेकीचं डोकं बाहेर आलं होतं, आणि त्याला लागून एक पांढरी वेणी.

वेणीच्या मालकिणीने एक डोळा उघडला.

"पोट दुखायला लागलं होतं," बाई कुजबुजल्या. "आईला फोन कर म्हणाली. मी म्हटलं, करते, आधी सरक जरा. सरकली आणि झोपली."

लेक गुडघ्यांवर बसली. पोरीचे पाय पोटाशी होते आणि तरी पिशवीत जागा होती.

"तू शिवलेल्या फ्रॉकांत मला धड खालीसुद्धा बसता यायचं नाही, आई."

"माहितेय," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

लेकीने चपला काढून तंबूबाहेर ठेवल्या, चेन थोडी खाली ओढली आणि म्हणाली, "सरक जरा."

बाई सरकल्या.